काहील कधी उतरवायची?

अमूर्त चित्राचा वाद मराठीत बहुतेक वेळा दोन वाक्यांत आटोपतो. ‘यातून काय समजायचं?’ असं एक जण विचारतो. ‘ते समजायचं नसतं, अनुभवायचं असतं,’ असं सांगून दुसरा मोकळा होतो. पहिल्याला आपण अडाणी ठरलो असं वाटतं, दुसऱ्याला आपण रसिक ठरलो असं वाटतं, आणि चित्र भिंतीवर होतं तिथेच राहतं. हा वाद थोडा लांबवायचा तर तो गॅलरीच्या थंडगार खोलीतून बाहेर काढावा लागेल. म्हणून इथे तो बारामती तालुक्यातल्या कोऱ्हाळे बुद्रुकला नेला आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उसाचं झालेलं हे गाव. शेजारी सोमेश्वरनगरचा सहकारी साखर कारखाना. सासवडहून निघालेली सोपानकाकांची पालखी याच वाटेने बारामतीकडे जाते. वाद घालणारे दोघे. एक आबा, सगळी हयात उसात गेलेले, कारखान्याला ऊस घालायच्या आधी स्वतःचं गुऱ्हाळ चालवलेले. दुसरे शाळेतले चित्रकलेचे सर, दर वर्षी मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसवणारे. दोघेही कल्पित आहेत. ज्याच्यावरून वाद चालला आहे तो चित्रकार वासुदेव संतू गायतोंडे मात्र खरा, आणि आबांच्या शंकाही खऱ्या. त्या शंकांना त्यांच्या पूर्ण वजनासह उभं केल्याशिवाय सरांच्या उत्तराला किंमत नाही. आपल्याकडे शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायची जी रीत होती, ती याच कारणासाठी.

आबा : सर, साधी गोष्ट विचारतो. आमच्या घरांत चित्र आलं ते छापून आलं. तुम्हीच मुलांना सांगता की 1878 मध्ये पुण्यात चित्रशाळा प्रेस निघाला, 1894 मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि तिथल्या लक्ष्मी-सरस्वती गावोगावच्या भिंतींवर जाऊन बसल्या. ती लक्ष्मी कोण हे सांगायला कुणाला बोलवावं लागलं नाही. म्हातारीने तिला हळदकुंकू लावलं, पोराने तिच्याकडे बघून हत्ती काढायला शिकून घेतलं. आणि हे तुमचे गायतोंडे. पुस्तकात बघितलं ते चित्र. वरपासून खालपर्यंत पिवळसर धुकं, मधे कुठं कुठं डाग, कुणी पुसून अर्धवट सोडल्यासारखे. खाली नावसुद्धा नाही. बहुतेक ठिकाणी ‘शीर्षक नाही’ एवढंच. काय काढलंय ते सांगा. सांगता येत नसेल तर निदान काही काढलेलं नाही एवढं तरी कबूल करा.

सर : कबूल करतो, आबा. काही काढलेलं नाही. ते स्वतःही तेच म्हणत. ‘अमूर्त’ हा शब्द त्यांना पटत नसे. आपली चित्रं ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ आहेत असं ते सांगत. फरक बारीक आहे, पण कामाचा आहे. झाड बघायचं, त्याची पानं गाळायची, फांद्या गाळायच्या आणि उरलेली रेघ ठेवायची, तर ते कशापासून तरी काढून घेतलेलं अमूर्त झालं. त्यात मूळ झाड कुठं गेलं हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. गायतोंड्यांच्या चित्रात मुळात झाडच नव्हतं, त्यामुळे लपलेली वस्तू शोधत बसणारा माणूस रिकाम्या हातानेच परत येणार. आता म्हणाल, वस्तू काढता येत नव्हती म्हणून पळवाट काढली. तर तसं नाही. घराणं गोव्याचं, जन्म नागपूरचा, 2 नोव्हेंबर 1924 चा. वाढले गिरगावातल्या चाळीत. 1948 मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा डिप्लोमा घेतला. सुरुवातीची त्यांची चित्रं माणसांची आहेत, आणि त्यांत आपल्या लघुचित्रांचा सपाट झळझळीत रंग आहे. 1950 मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपबरोबर आले. पुढे पॉल क्ले या स्विस चित्रकाराची चित्रं त्यांनी मनापासून अभ्यासली. आकृती हळूहळू रेघेत गेली, रेघ रंगात गेली, आणि साठच्या दशकात उरला तो रंगाचा थर. एका रात्रीत टाकलेली ही उडी नव्हे. दहा-बारा वर्षं एकेक गोष्ट खाली ठेवत गेलेला माणूस आहे हा. आणि मुलांना मी संकल्पचित्र शिकवतो तेव्हा तुम्ही कधी विचारलं नाहीत की त्या त्रिकोण-वर्तुळांत काय काढलंय. तिथे तुम्ही बघता ते तोल, रंगसंगती, मोकळी जागा. म्हणजे विषयाशिवाय चित्र बघायची सवय तुम्हाला आहेच.

आबा : संकल्पचित्राचं म्हणाल तर त्यात पट्टी-कंपास लागतो, रंग रेघेच्या बाहेर गेला की तुम्ही गुण कापता. तिथं चूक म्हणजे काय हे पोराला कळतं. इथं चूक कुठली? मी तर ऐकलं की हा बाबा ब्रशसुद्धा धरत नव्हता. रोलर फिरवायचा, पात्याने रंग खरवडायचा, वर्तमानपत्राचे कपटे फाडून ओल्या रंगावर चिकटवायचे आणि उचलायचे. मग जे उमटेल ते उमटेल. रोलर काय, आमच्या घराला रंग देणारा पोरगाही फिरवतो. हात कुठं दिसतो यात? ज्या कामात हात दिसत नाही ते काम कुणाचंही असू शकतं, असं मी म्हटलं तर चुकलं काय?

सर : हीच शंका सगळ्यांत नेमकी आहे, आणि तिचं उत्तर चित्रकलेपेक्षा छापाच्या कलेत जास्त चांगलं सापडतं. गायतोंडे छापचित्रकार म्हणून ओळखले जात नाहीत. त्यांची मोठी कामं कॅनव्हासवरची तैलचित्रंच आहेत. पण तुम्ही आत्ता जी हत्यारं मोजलीत, रोलर, पातं, फाडलेला कागद, रंग टेकवणं आणि उचलणं, ती सगळी छापखान्याच्या घरची आहेत. अ‍ॅसिडने कोरायचा छाप कसा निघतो बघा. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने तो थर ओरखडायचा, पत्रा अ‍ॅसिडमध्ये सोडायचा. जिथे मेण निघालं तिथे अ‍ॅसिड धातू खातं. मग खाचांत शाई भरायची, वरची शाई मलमलीने पुसायची, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचं. कागद उचलेपर्यंत चित्र दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा उलटं दिसतं. म्हणजे छाप काढणाऱ्याचा हात कामाला नेहमी आडून लागतो. रेघ तो स्वतः ओढत नाही. रेघ उमटेल अशी परिस्थिती तयार करतो. अ‍ॅसिडमध्ये पत्रा किती वेळ ठेवायचा, शाई किती पुसायची, कागद किती ओला, दाब किती, या चार निर्णयांत त्याची सगळी विद्या असते. गायतोंड्यांपेक्षा वर्षभराने लहान असलेले आंध्रातले कृष्णा रेड्डी पॅरिसला छापचित्रकार हेटर यांच्या कार्यशाळेत हेच करत होते. कमी-जास्त तेलाच्या शाया, मऊ आणि कडक रोलर; एकाच पत्र्यावर एक शाई दुसरीला ढकलते, आणि एकाच दाबात अनेक रंग निघतात. तिथेही रोलरच आहे, पण कुणी म्हणत नाही की हे घर रंगवण्याचं काम. आता गायतोंड्यांचा कॅनव्हास घ्या. ब्रश फिरवला की फटकाऱ्याची दिशा दिसते, मनगट दिसतं. रोलर ती खूण मिटवतो आणि रंग दुधावर धरलेल्या सायीसारखा बसतो. कात्रीने कापलेल्या कागदाची कड करकरीत येते, फाडलेल्याची तंतू सुटल्यासारखी. ओल्या थरावर तो कागद ठेवून उचलला की काही रंग कागदाबरोबर जातो, खालचा जुना थर अर्धवट उघडा पडतो. तुम्ही जे ‘पुसून सोडल्यासारखं’ म्हणालात ते तिथे आहे. रंग किती ओला असताना कागद ठेवला, यावर सगळं अवलंबून. फार ओला असेल तर लगदा, फार सुकला असेल तर कागद कोरडाच परत.

इथे दोघांचं बोलणं थोडं थांबवून आबांच्याच धंद्याकडे बघायला हवं, कारण या वादाचं उत्तर त्यांच्या गुऱ्हाळात आधीपासून आहे. रस काहिलीत पडतो, चुलवाणात चिपाड धगधगतं, भेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढत राहावं लागतं. इथपर्यंतचं काम मेहनतीचं आहे, पण सांगून शिकवता येतं. खरा कस पुढे लागतो. फेस बदलतो, बुडबुड्याचा आवाज बदलतो, आणि गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत धरून बघतो. काहील थोडी आधी उतरवली तर गूळ मऊ राहतो, ढेप बसत नाही. थोडी उशिरा उतरवली तर करपट काळा होतो. त्या थोडक्या वेळात गुळव्याचा हात काहीच ‘करत’ नाही, आणि तरीही गुळाची जात तिथेच ठरते. गूळ खाणाऱ्याला गुळव्याचा हात दिसत नाही म्हणून ते काम कुणाचंही आहे, असं आबा स्वतः कधी म्हणणार नाहीत. हात दिसणं आणि कसब असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे शेतीच्या आणि आगीच्या धंद्यांतल्या माणसाला शिकवावं लागत नाही. चित्रासमोर उभं राहिलं की ते त्याला विसरायला लावलं जातं, एवढंच.

आबा : माझ्याच काहिलीत मला बुडवायला निघालात. पण दाखला अर्धाच लागू पडतो. गुळव्याची चूक अर्ध्या तासात कळते. ढेप बसली नाही की बसली नाही. व्यापारी बोट लावून भाव पाडतो. चव सगळ्यांच्या जिभेला सारखी लागते. तुमच्या चित्राची ढेप बसली की नाही हे कोण ठरवणार? चित्रकार म्हणणार बसली, गॅलरीवाला म्हणणार बसली, पुस्तक लिहिणारा म्हणणार बसली, आणि तिघांचंही पोट त्याच गुळावर. हा सगळा गाव एकमेकांचा सोयरा झाला की मग परीक्षा राहिली कुठं? शेवटी अडलं की तुम्ही लोक अध्यात्म काढता. निर्गुण, शून्य, ध्यान. विठोबाच्या वाटेवरचं गाव आहे आमचं, निर्गुण आम्हाला नवीन नाही. पण अभंगातलं निर्गुण शब्दांतून कळतं, आणि शब्द चुकला तर कीर्तनात बसलेली बाई बुवाला टोकते.

सर : अध्यात्माचा आधार मी घेणारच नाही. गायतोंड्यांना झेनचं आकर्षण होतं, रमण महर्षींचं होतं, मुंबईच्या खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांचं होतं, हे सगळं नोंदलेलं आहे. पण माणूस ध्यान करत होता म्हणून चित्र चांगलं, हा युक्तिवाद मला मान्य नाही. ध्यान करणाऱ्या हजारो माणसांनी काढलेलं चित्र भिंतीला लावण्यासारखं नसतं. परीक्षेचं म्हणाल तर ती आहे, फक्त व्यापाऱ्याच्या बोटाइतकी झटपट नाही. त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं की वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पूर्ण होत. रोलर फिरवून जे उमटेल ते ठेवणारा माणूस दिवसाला पाच करील. मग उरलेला वेळ कशात गेला? बघण्यात, थांबण्यात, थर सुकू देण्यात, पुन्हा खरवडण्यात. आता परीक्षा करायची तर त्यांचीच दहा चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघा. प्रत्येकात रोलर आहे, कागद आहे, तीच उभी चौकट आहे. तरी एका चित्रात डाग पाण्यातल्या काठीसारखे तरंगतात, दुसऱ्यात ते थराच्या आत बुडालेले वाटतात, तिसऱ्यात सगळा भार खालच्या कडेला येऊन टेकतो. नुसता योगायोग असता तर एवढा नेमका फरक आणि एवढं सारखं घराणं दोन्ही एकाच वेळी दिसलं नसतं. जिभेसारखी ही परीक्षा सगळ्यांची एक येणार नाही, हे मान्य. पण संगीतातही येत नाही. यमन बरोबर लागला की नाही हे कळायला आधी दहा यमन ऐकावे लागतात, आणि तेवढ्यावरून कुणी यमन थोतांड ठरवत नाही.

आबा : बरं, कसब आहे हे मानलं. आता खरं बोलू द्या. 2013 च्या डिसेंबरात मुंबईत क्रिस्टीजचा लिलाव झाला, आणि या माणसाचं एक चित्र तेवीस कोटी सत्तर लाखाला गेलं. पुढं आकडे आणखी चढले. तो स्वतः 10 ऑगस्ट 2001 ला गेलेला, म्हणजे त्याला त्यातलं काहीच मिळालं नाही. दुसरी गोष्ट याहून जड आहे. 1972 मध्ये ते मुंबई सोडून दिल्लीला गेले, निजामुद्दीनच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, एकटे राहून रंगाचे थर देत बसले. त्याच वर्षी इथं दुष्काळ होता. आमच्या पट्ट्याला कालव्याने तारलं, पण याच तालुक्याच्या जिरायत भागात माणसं खडी फोडत होती. महाराष्ट्रात एवढं घडत असताना चित्रात त्याचा एक ओरखडा नाही? आणि तिसरी गोष्ट तुम्हीच माझ्या हातात दिलीत. छापाची हत्यारं घेतली, मग छापाचा धर्म का घेतला नाही? एका पत्र्यावरून पन्नास कागद निघतात, पन्नास घरांत जातात. रविवर्म्याची लक्ष्मी म्हणून तर आमच्याकडे पोचली. याने रोलर घेतला आणि कॅनव्हास मात्र एकच ठेवला, कोट्यधीशाच्या भिंतीसाठी.

सर : पहिल्या आक्षेपावर भांडण नाही. लिलावाचा आकडा चित्राबद्दल काही सांगत नाही. तो विकत घेणाऱ्याबद्दल सांगतो. त्या आकड्याने चित्र मोठं होत नाही, आणि खोटंही ठरत नाही. पण सगळी चित्रं कोट्यधीशांकडेच गेली असंही नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांच्या काळापासून त्या पिढीच्या चित्रकारांची कामं जमवली गेली, त्यांत गायतोंडे आहेत. विज्ञानाच्या संस्थेत ती लागलेली आहेत. 2014 च्या ऑक्टोबरपासून 2015 च्या फेब्रुवारीपर्यंत न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, आणि मराठीत सतीश नाईक यांच्या ‘चिन्ह’ने त्यांच्यावर आख्खा ग्रंथ काढला. दुष्काळाच्या आक्षेपाला मात्र मी पूर्ण उत्तर देणार नाही, कारण ते माझ्याकडे नाही. त्या चित्रांत दुष्काळ नाही. आतून कुठेतरी आहे, भेगाळलेल्या जमिनीसारखा पोत दिसतो, असं म्हणणं म्हणजे आत्ताच आपण सोडून दिलेली लपलेली वस्तू पुन्हा शोधणं. एवढंच म्हणेन की सगळ्या कामांना एकच काम सांगू नये. दुष्काळाची साक्ष द्यायला छायाचित्र आहे, कादंबरी आहे, पोवाडा आहे. रंग ओला असताना माणसाचं लक्ष किती बारीक होऊ शकतं, हे दाखवायला हे चित्र आहे. त्याहून मोठा दावा अमूर्ताच्या बाजूच्या माणसाने केला की तो तुमच्या हातात सापडतो, आणि सापडलाच पाहिजे. तिसरा आक्षेप तर मला पूर्ण मान्य आहे. छापाची रीत घेऊन छापाचं वाटप सोडलं, ही त्या कामाची मर्यादा आहे. 1984 च्या अपघातानंतर मोठा कॅनव्हास झेपेना, तेव्हा काही काळ ते कागदावर, शाईत, लहान लहान कामं करत होते. पण तीही एकेकटीच राहिली.

आबांनी तीन आक्षेप घेतले आणि सरांनी त्यांतले दोन जवळजवळ तसेच स्वीकारले. तरीही मूळ मुद्दा सरांच्या बाजूने सरकला, असं माझं मत आहे. अमूर्त चित्राचं समर्थन बहुधा फसतं ते त्याच्यावर जास्त ओझं लादल्यामुळे. ते विश्वाचं रहस्य सांगतं, आत्म्याला भिडतं, काळाच्या पलीकडे जातं, असं म्हटलं की समोरचा शहाणा माणूस हसतो, आणि त्याचं हसणं योग्य असतं. तेच चित्र केलेल्या कामाच्या बाजूने बघितलं, म्हणजे कुठला थर आधी, कुठला नंतर, काय ठेवलं, काय उचललं, कुठे थांबलं, तर ते चुलवाणापाशी उभं राहिलेल्या माणसाला परकं राहत नाही. ‘काय काढलंय?’ या प्रश्नाची जागा ‘काहील वेळेवर उतरवली का?’ या प्रश्नाने घेतली, की आबांचा शेतीतला अनुभव गॅलरीतल्या रसिकाइतकाच कामाचा होतो, काही बाबतींत जास्तच. या बघण्यासाठी कोट्यवधींचा कॅनव्हास गावात आणावा लागत नाही. काचेचं एक तावदान, रबरी रोलर, छपाईची शाई आणि रद्दी एवढं शाळेत असलं की पुरे. मुलांनी काचेवर शाई पसरावी, फाडलेले कागद ठेवावेत, वर कोरा कागद दाबून उचलावा. एका दमात एकच छाप निघतो, तसाच्या तसा दुसरा निघत नाही. पहिला बहुतेक लगद्यासारखा येईल, दुसरा कोरडा, आणि चौथ्या-पाचव्याला मुलाच्या लक्षात येईल की आपण शाईकडे नीट बघतोय. परीक्षेत याला गुण नसतील; वस्तुचित्राला आणि स्मरणचित्राला आहेत. पण आबांचा तिसरा आक्षेप, हे चित्र घराघरांत का नाही, त्याचं जे थोडंफार उत्तर निघेल ते इथूनच निघेल.

आबा : काढू द्या पोरांना, माझी ना नाही. फक्त एक अट घाला, सर. प्रत्येकाने पंधरा कागद काढायचे आणि त्यांतले बारा स्वतःच्या हाताने रद्दीत टाकायचे. कुठले बारा, ते तुम्ही सांगायचं नाही आणि मीही नाही. उरलेले तीन घेऊन या, मग त्यांच्यावर भांडू.